हेस्केथचं ताट

मिस्टर हारमेनच्या खिशात एक कागद होता आणि त्या कागदावर सात कामं लिहिलेली होती. हॉलंडहून निघताना लेकीनं लिहून दिलेली. सँडी आयलंडला जाऊन पाण्याखालचे मासे बघायचे, खाडीतल्या खारफुटीच्या मुळांवरची कालवं तिथल्या तिथं फोडून खायची, विंडवर्ड गावात होड्या बांधतात ते बघायचं, डोंगरामागच्या चौपाटीवर चालत जायचं, असं सगळं. एखादं काम उरकलं की म्हातारा पेन्सिलीनं त्याच्यापुढं खूण करी आणि तो कागद युटालीला दाखवी.

"सुट्टीवर आलाय का शिक्षा भोगायला?" युटाली म्हणे. "एक दिवस नुसतं वाळूत पडून राहा की! ते काम का नाही लिहिलं लेकीनं?"

"ते पाचवं आहे," हारमेन गंभीरपणे सांगे. "मंगळवारी केलं."

युटाली सदुसष्ट वर्षांची. करियाकू बेटावरच्या लेस्टेर गावात, अगदी पाण्याला लागून तिचं घर, आणि त्यातल्या तीन खोल्या ती पाहुण्यांना देई. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. पाहुणे तिच्या तोंडाला घाबरत आणि तिच्या जेवणासाठी परत येत. हारमेननं मात्र आल्या दिवशीच घोळ घातला. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "मिस युटाली, मला मीठ चालत नाही. रक्तदाब आहे. डॉक्टरांनी पूर्ण बंद केलंय."

युटालीनं त्याला खालून वर पाहिलं. सहा फूट उंच, खांदे हे एवढे.

"आमच्याकडं बिनमिठाचं मेलेल्यांना वाढतात, मिस्टर हारमेन. तुम्ही तर चांगले धडधाकट दिसताय."

"पण डॉक्टर..."

"बघते मी काय करायचं ते."

काय बघणार! या बाईच्या हातून बिनमिठाचं ताट जिवंत माणसापुढं जाणं शक्यच नव्हतं. आमच्या करियाकूत कुणाच्याच हातून गेलं नसतं. म्हाताऱ्याची काळजी म्हणून तिनं मीठ निम्म्यावर आणलं, आणि त्याबद्दल स्वतःलाच शाबासकी दिली. रोज संध्याकाळी हारमेन बोटं चाटता चाटता थबकून विचारी, "यात मीठ आहे का हो?"

"छे! समुद्राची हवा आहे ती. सगळ्याला लागते."

कागदावरचं सातवं काम होतं: गावजेवण बघणे. ते शनिवारी होतं. युटालीला त्या 'बघणे'चाच राग आला. गावजेवण ही काय बघायची गोष्ट आहे? जेवायची गोष्ट आहे! एप्रिल सरता सरता, पाऊस यायच्या आधी, लेस्टेरचं प्रत्येक घर आपापल्या परीनं काही ना काही देतं. कुणी बकरा देतं, कुणी तुरीचे दाणे, कुणी मक्याचं पीठ. मैदानात चुली पेटतात, ढोल वाजतात. आधी गावातल्या मेलेल्यांची पंगत बसते आणि मग जिवंतांची. मैदानाला लागून नेनेन क्लोटिलचं घर. तिच्या मधल्या खोलीत लांब टेबलावर पांढरी चादर घालून घराघरातल्या गेलेल्यांची ताटं मांडायची, ज्यानं त्यानं आपल्या माणसाला नावानं हाक मारायची, आणि दार लावून घ्यायचं. ते दार लागेपर्यंत बाहेर कुणी घास तोंडात घालत नाही.

ही नेनेन क्लोटिल म्हणजे युटालीच्या नवऱ्याची, हेस्केथची आत्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, आणि गावात तिच्या शब्दाबाहेर कोंबडंसुद्धा जात नाही. गुरुवारी सकाळी ती काठी टेकत युटालीच्या मागच्या दारी आली. युटाली पायरीवर बसून शंखातून काढलेलं मांस लाकडी दांडक्यानं बडवत होती.

"ते खाली ठेव," नेनेन म्हणाली.

"ठेवलं तर चिवट राहील. बोला तुम्ही, कान मोकळे आहेत."

नेनेन स्टुलावर बसली. जरा दम खाल्ला. "रात्री हेस्केथ आला होता."

दांडकं हवेतच राहिलं.

"स्वप्नात," नेनेन म्हणाली. "माझ्या फाटकाबाहेर उभा. निळा शर्ट. म्हणाला, नेनेन, सगळे जेवतात, मला कुणी बोलवत नाही. भूक लागलीय."

"निळा शर्ट माझ्या कपाटात आहे."

"मग?"

"मग त्याच्या अंगावर कसा आला?"

"स्वप्नात कपाटाला कुलूप असतं का गं?"

युटालीनं दांडकं जोरात आपटलं. मांसाचा तुकडा उडून अंगणात पडला आणि कोंबड्या धावल्या. "तुमच्या स्वप्नात कसा आला? माझ्या का नाही? अकरा वर्षं मी वाट बघतेय आणि यायचं तर आत्याच्या फाटकापाशी!"

"तू येऊ देत नाहीस, पोरी. म्हणून आला माझ्याकडं."

अकरा वर्षांपूर्वी हेस्केथ आपलं शिडाचं गलबत घेऊन सेंट मार्टिन बेटावर माल आणायला गेला तो गेलाच. त्या आठवड्यात धड वारासुद्धा नव्हता. वादळ नाही, पाऊस नाही. कुठं फळी सापडली नाही, दोर सापडला नाही, टोपी सापडली नाही. लोकांनी सहा महिने शोधलं आणि मग आपापल्या कामाला लागले. गावात दोन तट पडले. अर्धे म्हणत, समुद्रानं नेला. उरलेले अर्धे हळू आवाजात म्हणत, सेंट मार्टिनला दुसरं घर केलं असणार. युटालीला हे दुसरे लोक जास्त आवडत. नवरा बाहेरख्याली म्हणणाऱ्यांना ती कॉफी पाजी. काय करणार! त्यांच्या गोष्टीत तो जिवंत होता.

"असेल तिकडं," ती आता नेनेनला म्हणाली. "असेल एखादीबरोबर. दोन पोरंही झाली असतील. असू देत! मी काही भांडायला जात नाही. पण ताट ठेवणार नाही."

"मागितलंय त्यानं."

"जिवंत माणसाला कसं ठेवू ताट? तुम्हीच सांगा. ताट ठेवलं, हाक मारली, की संपलं. मग मी कुणाची वाट बघू?"

नेनेननं काठी हातात घेतली. मग उठताना म्हणाली, "मी मांडून ठेवेन टेबलावर. रिकामं. बायको असताना दुसऱ्या कुणी वाढायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. तू येशील तोवर मी दार लावणार नाही."

"मग बसा उघडं ठेवून!"

नेनेन गेली. युटालीनं ते मांस इतकं बडवलं की त्याचा चेंदा झाला.

शनिवारी हारमेन सकाळीच सहाव्या कामाला निघाला. त्याला सँडी आयलंडला न्यायला होडीवाला बॉस्को आला होता. "बारापर्यंत परत या," युटालीनं बजावलं, "आणि डोक्यावर टोपी ठेवा. तिकडं सावलीला एक झाड धड नाही." म्हातारा हो हो म्हणाला आणि टोपी ओट्यावरच विसरून गेला.

युटाली चुलीपाशी लागली. गावजेवणाच्या दिवशी तिचा क्रम ठरलेला. आधी मिठाचा डबा स्वयंपाकघराबाहेर, पुढच्या ओसरीच्या कठड्यावर नेऊन ठेवायचा. चुकून चिमूटसुद्धा पडायला नको. मेलेल्यांना मीठ चालत नाही, त्यांना त्यानं जडपणा येतो, जागचं हलता येत नाही. मग छोट्या भांड्यात आई, वडील आणि सासू यांचं रांधायचं. वडिलांना तुरीचे दाणे, आईला भोपळा, सासूला न खारवलेले ताजे मासे. सासू जिवंतपणी माशांना नावं ठेवायची, मेल्यावर काही बोलत नाही.

आणि ते झालं की आणखी एक रांधायचं. हेस्केथचं. पण ते त्या पंगतीतलं नव्हे. गावजेवणाला खलाशी कुठं कुठं असतात तिथून घरी येतात. त्याला उशीर झाला, सगळं संपल्यावर आला, तर? म्हणून युटाली दर वर्षी शंखाचा रस्सा आणि मक्याच्या पिठाचे गोळे एका ताटात वाढून, वर दुसरं ताट झाकून, फडताळात ठेवी. जिवंत माणसाचं ताट, चांगलं चमचमीत. दुसऱ्या दिवशी ते कोंबड्यांना जाई. अकरा वर्षं कोंबड्यांनी त्याच्या नावानं मजा केली.

या वर्षी तिनं ते मुद्दाम जास्त मन लावून केलं. नेनेनच्या नाकावर टिच्चून. नारळाचं दूध ताजं काढलं, लसूण ठेचला, मिरची अख्खी सोडली. रस्सा दाट झाल्यावर चमच्यानं चाखून बघितला. छान उतरला होता. "ये आता," ती मोठ्यानं म्हणाली. "बघू कोण म्हणतं तू मेलायस ते." ताट झाकून फडताळात ठेवलं आणि आई, वडील, सासूची भांडी टोपलीत घालून मैदानाकडं निघाली.

दुपारी एक वाजला तरी पंगत बसेना. चुलींवरच्या मोठ्या कढया उतरल्या होत्या, मक्याचे गोळे केळीच्या पानांवर मांडून झाले होते, पोरंटोरं रडकुंडीला आली होती. आत खोलीत टेबल भरलं होतं, हाका मारून झाल्या होत्या. टेबलाच्या कडेला एक पांढरं ताट रिकामं होतं, आणि खोलीच्या दारात खुर्ची टाकून नेनेन क्लोटिल बसली होती.

"मिस युटाली!" ढोलवाल्या कॉस्नेलनं हाळी दिली. "पोटात कावळे ओरडायला लागले हो!"

"मग ढोल वाजव, म्हणजे ऐकू येणार नाहीत!"

लोक हसले, पण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडंच. हसण्यातही दया होती, आणि ती दयाच युटालीला सहन होईना. ती नेनेनपुढं जाऊन उभी राहिली. "गावाला उपाशी ठेवताय तुम्ही."

"मी नाही," नेनेन शांतपणे म्हणाली.

"अख्ख्या गावासमोर मला विधवा करताय!"

नेनेनचे डोळे भरले. तिचाही तो भाचाच होता, अंगाखांद्यावर खेळवलेला. "मी कोण करणारी, पोरी?" ती म्हणाली.

युटाली पाठ फिरवून तरातरा घरी आली. स्वयंपाकघराच्या पायरीवर हारमेन बसला होता. डोकं उघडं, तोंड लालभडक.

"अहो, हे काय!"

"मासे फार सुंदर होते," हारमेन म्हणाला. "परत येताना जरा गरगरलं. बॉस्को म्हणाला, जाऊन काहीतरी खा."

तिनं त्याला आत आणून बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, नारळाचं पाणी पाजलं. सकाळपासून त्यानं एक केळं खाल्लं होतं. घरात पाहुण्याला वाढण्याजोगं काही नव्हतं, बाकी सगळं मैदानात गेलेलं. आणि मैदानातल्या जेवणाला कुणी हात लावू देणार नाही. का, तर हिच्यामुळंच! युटालीनं कपाळाला हात लावला. मग तिची नजर फडताळाकडं गेली.

तिनं जरा विचार केला. पाहुणा उपाशी गरगरतोय आणि आपण नवऱ्याचं ताट झाकून ठेवायचं? हेस्केथनं असं कधीच होऊ दिलं नसतं. होडीत तो स्वतःची भाकरी पाहुण्यांना देऊन मोकळा व्हायचा. आणि हे काही पंगतीतलं ताट नव्हे. हे जिवंताचं. एका जिवंताचं दुसऱ्यानं खाल्लं तर बिघडलं कुठं?

"घ्या," तिनं ताट त्याच्यापुढं ठेवलं. "सावकाश खा. मीठ लागलं तर आज मला बोलू नका, आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

हारमेननं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून तिच्याकडं बघितलं, आणि त्याच्या लाल तोंडावर असं काही समाधान पसरलं की बस.

"मिस युटाली, तुम्ही लक्षात ठेवलंत!"

"काय?"

"मीठ. अजिबात नाही यात. आठवडाभर मी फार ताणलं नाही, पण मला कळत होतं हो. समुद्राची हवा!" तो हसला. "आज मात्र खरंच घातलं नाहीत. मनापासून आभार मानतो."

"काहीतरीच काय? मीठ आहे त्यात."

"नाही. इथं येण्याआधी दोन वर्षं मी मीठ खाल्लेलं नव्हतं, मला लगेच कळतं."

युटालीनं चुलीवरच्या भांड्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. नारळ होता, लसूण होता, मिरची होती. मीठ नव्हतं. तिनं चमचा भरून घेतला. नव्हतं. ती स्वयंपाकघर ओलांडून ओसरीवर गेली. मिठाचा डबा कठड्यावर होता, सकाळी ठेवलेला तिथंच, झाकण घट्ट. दर वर्षी आई-वडिलांचं रांधून झालं की ती तो आत आणत असे. यंदा आणलाच नव्हता.

विसरले, ती स्वतःशी म्हणाली. नेनेननं डोकं फिरवलं, घाईत राहून गेलं. पण तिचंच मन ते ऐकेना. पन्नास वर्षं ती रांधत होती, एकदा कधी मीठ राहिलं नव्हतं. तापानं फणफणलेली असताना नाही, आई गेली त्या आठवड्यात नाही. आणि राहिलं असतं तरी चाखताना कळलं असतं. तिनं चाखलं होतं. चांगला चमचाभर चाखलं होतं, आणि चव बरोबर लागली होती. हेस्केथचं जेवण जसं लागायला हवं तसंच.

म्हणजे तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. तोंड नाही म्हणत होतं, गावाशी भांडत होतं, आणि हातांनी आपलं काम करून टाकलं होतं. युटाली ओसरीच्या पायरीवर बसली आणि रडली. मोठ्यानं, तोंडावर रुमाल नाही की हात नाही. अकरा वर्षांत ती अशी रडली नव्हती; रडायचं कारण तिनं कुणाला दिलंच नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

हारमेन दाराशी आला. टॉवेल अजून डोक्यावरच. "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही हो." तिनं नाक पुसलं. "तुम्ही जेवा. सगळं संपवा, टाकायचं नाही."

"तुम्ही?"

"मला जायचंय. माझा नवरा उपाशी आहे."

हारमेनला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो परत ताटापाशी जाऊन बसला. तिनं उरलेल्या रश्शाचं भांडं दुसऱ्या टोपलीत ठेवलं, वर चार गोळे ठेवले, तोंडावर पाणी मारलं आणि निघाली.

ती मैदानात आली तशी बोलणी थांबली. कॉस्नेलनं ढोलावरचा हात उचलून घेतला. लोकांनी वाट करून दिली. नेनेन खुर्चीवरून उठली, तिच्या हातातल्या टोपलीकडं बघितलं, आणि बाजूला झाली.

आत उकडत होतं. चाळीस-बेचाळीस ताटं, पाण्याचे पेले, रमचे छोटे प्याले. युटालीनं रिकाम्या ताटात रस्सा वाढला. गोळे मांडले. एक गोळा फुटला होता तो काढून दुसरा ठेवला. पाण्याचा पेला डाव्या बाजूला सरकवला, कारण हेस्केथ डावरा होता. मग काम उरलं नाही, तरी ती चादरीच्या सुरकुत्या सारखी करत राहिली.

"हाक मार," नेनेन मागून हळूच म्हणाली. "नाहीतर तो बाहेरच उभा राहील."

"मारते. आधी बोलू द्या मला." युटाली ताटाकडं बघून बोलायला लागली. "एका पाहुण्यानं तुझ्याआधी खाल्लंय. म्हातारा आहे, उन्हानं गरगरत होता. तूही दिलंच असतंस, तेव्हा कुरकुर करू नकोस. आणि नेनेनच्या दारी कशाला गेलास रे? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला घाबरवायला? मला सांगायचंस. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. पण वाढलं असतं. तुला कधी उपाशी ठेवलंय मी?" तिचा आवाज फुटला. "ठेवलं. अकरा वर्षं ठेवलं. मला वाटलं, न वाढण्यानं तू जिवंत राहशील."

नेनेननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. युटालीनं पेल्यातलं थोडं पाणी जमिनीवर शिंपडलं.

"हेस्केथ," ती म्हणाली. मग मोठ्यानं, आंघोळ करून समुद्रावरच रेंगाळलेल्या नवऱ्याला जेवायला बोलवावं तशी, "हेस्केथ! ये, जेवायला वाढलंय!"

बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी ढोलावर एक थाप मारली. दोघी बायका बाहेर आल्या, आणि शेवटची हाक जिची तिनं दार लावायचं म्हणून युटालीनं दार ओढून घेतलं. मैदानात एकदम गलका झाला, पानं वाढली जायला लागली. कुणीतरी तिच्यासाठी भरलेलं पान आणून दिलं. हारमेनही आला होता, या वेळी टोपी घालून, आणि कॉस्नेलच्या शेजारी बसून तो कढईतलं मिठाचं जेवण मुकाट्यानं खात होता.

युटाली पंगतीत गेली नाही. नेनेनची खुर्ची तिनं बंद दाराजवळ ओढली, पान मांडीवर घेतलं आणि दाराकडं तोंड करून बसली.

"निवांत जेव," ती दाराला म्हणाली. "घाई नाही काही. मी आहे बाहेर."